लोखंडात अडकलेला वारा

लोणंदच्या बाजारात कांद्याच्या ट्रॉल्या लागल्या की येणाऱ्याजाणाऱ्याची नजर मालावर असते. माझी नजर जाते ती ट्रॉलीच्या चॅसीवर. दोन चॅनेल जिथे काटकोनात भेटतात, हुकाचा जाड पट्टा जिथे दांडीला जोडलेला असतो, तिथला वेल्डिंगचा टाका मी वाकून बघतो. काही टाके एकसारख्या लहरींचे, घट्ट. काहींवर मात्र सुईच्या टोकाएवढी बारीक भोकं. शेडमध्ये त्याला पोरॉसिटी म्हणतात, कुणी पिनहोल म्हणतं, आणि बहुतेक वेळा त्यावरून रंगाचा हात फिरवून ट्रॉली मालकाच्या हवाली होते.

त्या भोकात एका वायूची गोष्ट आहे. टाका वितळलेला होता तेव्हा त्यात एक बुडबुडा होता, तो वर निघाला होता, आणि पृष्ठभागाशी पोचता पोचता त्याच्याभोवतीचं पोलाद गोठलं. तो वायू कुठला, आला कुठून, त्याला बाहेर का पडता आलं नाही, हे सगळं त्या भोकाच्या जागेवरून आणि आकारावरून बरंचसं वाचता येतं. फ्लक्स-कोअर वेल्डिंगमध्ये तर हे वाचन फारच रंगतं, कारण तिथे हवेला दूर ठेवण्याची सगळी व्यवस्था सव्वा मिलिमीटर जाडीच्या एका तारेच्या पोटात भरलेली असते.

आधी वितळलेल्या लोखंडाबद्दल. ते वायू पितं, आणि पोटभर पितं. शंभर ग्रॅम द्रव लोखंडाचं आकारमान जेमतेम चौदा मिलिलिटर. तेवढ्यात साधारण पंचवीस मिलिलिटर हायड्रोजन विरघळून राहू शकतो, म्हणजे लोखंडाच्या स्वतःच्या आकारमानाच्या जवळजवळ दुप्पट. नायट्रोजनही असाच मुरतो. पण लोखंड गोठायला लागलं की स्फटिकांच्या रांगा लागतात, आतली जागा आटते आणि दोन्ही वायूंची सोय एकदम तिसऱ्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. उरलेल्या वायूने जायचं कुठे? फ्रीजमधल्या बर्फाच्या खड्याच्या मधोमध पांढुरका ढग दिसतो, तो याच अडचणीतून झालेला असतो. पाण्यात विरघळलेली हवा बर्फात मावत नाही. कडेकडून बर्फ धरत येतो तशी ती आत आत रेटली जाते आणि अखेर बारीक बुडबुडे होऊन कोंडते. टाक्यात हेच घडतं, फक्त पंधराशे अंशांना आणि दोन-तीन सेकंदांच्या आत.

तिसरा वायू बाहेरून येत नाही, तो टाक्यातच तयार होतो. पोलादात कार्बन असतोच. त्याला ऑक्सिजन सापडला की कार्बन मोनॉक्साइड होतो आणि वितळलेलं डबकं आतून उकळल्यासारखं फसफसतं. म्हणून तारेत मँगनीज आणि सिलिकॉन घातलेले असतात. ऑक्सिजनची ओढ या दोघांना कार्बनपेक्षा जास्त. ते त्याला आधीच गाठतात, त्याचे ऑक्साइड बनतात आणि वर तरंगून खपलीत जातात. टाका थंड झाल्यावर वेल्डर चिपिंग हातोडीने जी काळपट काचेसारखी खपली उडवतो, तिच्यात हा पकडलेला ऑक्सिजन असतो.

आता ती तार. बाहेरून ती साध्या मिग वायरसारखीच दिसते. एक तुकडा कापून भिंगाखाली धरला की कळतं, ती पोकळ आहे आणि आत करडी पूड ठासलेली आहे. बनवताना पातळ पोलादी पट्टी रुळांमधून जाताना पन्हळीसारखी वाकते, त्या पन्हळीत पूड ओतली जाते, पट्टीच्या कडा एकमेकींवर मिटतात, आणि मग ही नळी एकामागोमाग एक डायमधून ओढून १.२ मिलिमीटरपर्यंत बारीक केली जाते. वजनाच्या साधारण पंधरा ते वीस टक्के पूड. पंधरा किलोच्या रिळावर अशी तार दोन किलोमीटरच्या आसपास भरते आणि त्या सगळ्या लांबीत पूड कुठे कमी-जास्त पडून चालत नाही. पूड जिथे तुटली तिथे टाका उघडा पडला. पायी चाललं तर अर्ध्या तासाच्या वाटेएवढी लांब आणि काडेपेटीतल्या काडीपेक्षाही बारीक अशी ही नळी आतून एकसारखी भरणारे कारखाने आहेत, याचं मला अजून नवल वाटतं.

पुडीत असतं काय? सर्वसाधारण कामाच्या तारेत, म्हणजे रिळावर ई७१टी-१ असं छापलेलं असतं तिच्यात, मुख्य घटक रुटाइल, म्हणजे टायटॅनियमचा ऑक्साइड. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट सापडतं, त्यातही टायटॅनियमच. रुटाइलची खपली पोलादाच्या आधी गोठते आणि खालच्या द्रवाला कवचासारखी धरून ठेवते, म्हणून ही तार उभ्या टाक्याला आणि डोक्यावरच्या टाक्यालाही चालते. नावातला ७ म्हणजे ७०,००० पाउंड प्रति चौरस इंच एवढी ताणशक्ती, त्यापुढचा १ म्हणजे सगळ्या पोझिशनला चालणारी. या तारेला बाहेरून गॅसचं छत्र मात्र लागतं. आपल्याकडे ते बहुतेक कार्बन डायऑक्साइडचं; कितीतरी शेडमध्ये या मशीनचं नावच सीओटू मशीन.

दुसऱ्या जातीच्या तारेला सिलिंडर लागतच नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत या दोन्ही जाती विकसित झाल्या, आणि मला खरा चमत्कार वाटतो तो या दुसरीचा. ती हवेला पूर्ण अडवू शकत नाही, आणि ते गृहीत धरूनच तिची पूड बेतलेली असते. आर्कच्या उष्णतेने पुडीतून वाफा आणि वायू सुटतात, ते थोडं छत्र धरतात. तरीही हवेतला नायट्रोजन आत शिरतोच, कारण हवेत तो ७८ टक्के आहे. त्याच्यासाठी पुडीत ॲल्युमिनियम ठेवलेलं असतं. नायट्रोजन आला की ॲल्युमिनियम त्याला धरून नायट्राइड बनवतं, आणि नायट्राइड बुडबुडा होऊ शकत नाही. पाहुणा घरात आला खरा, पण मोकळा फिरायला उरला नाही.

लोणंदला या दोन जातींतली निवड फार जिवंत प्रश्न आहे. सातारा जिल्हा पावसाच्या बाबतीत दोन टोकांचा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, इथे नीरेच्या काठावर पाचशेच्या आसपास. ढग पश्चिमेला रिते होतात आणि आपल्या वाट्याला येतो वारा. याच जिल्ह्यात चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगाच नाहीत. पालखी लोणंदला मुक्कामाला येते ते दिवस आठवा: पाऊस भुरभुर, पण पताका सतत फडफडत्या. आणि नेमके हेच महिने दुरुस्तीचे. ऊस संपलेला असतो, साखरवाडी-सोमेश्वरनगरकडच्या कारखान्यांत ओव्हरहॉलिंग चालू असतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू व्हायच्या आत उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या ठोकठाक करून हव्या असतात. म्हणजे वेल्डिंगचा हंगाम आणि ओल्या वाऱ्याचा हंगाम एकच.

गॅसच्या छत्राला ताशी आठ किलोमीटरचा वारा विस्कटायला पुरतो. झाडाची पानं सळसळायला लागली की समजावं, नोझलमधून निघालेला गॅस टाक्यावर थांबत नाही. मग हात आपोआप रेग्युलेटरकडे जातो आणि गॅस वाढवला जातो. इथे भौतिकशास्त्र उलटं फिरतं. मिनिटाला पंधरा ते वीस लिटरपर्यंत गॅस नोझलमधून शांत धारेत उतरतो. त्याच्या फार वर नेला की धार खळबळते, भोवरे तयार होतात, आणि ते भोवरे आजूबाजूची हवा स्वतःच आत ओढतात. भोकं कमी व्हायच्या ऐवजी वाढतात. पत्र्याचा किंवा ताडपत्रीचा आडोसा इथे गॅसपेक्षा जास्त काम करतो. दुसरी गंमत सिलिंडरच्या तोंडाशी. द्रव कार्बन डायऑक्साइडचा वायू होताना तो उष्णता ओढून घेतो, आणि बराच वेळ सलग काम चाललं की रेग्युलेटरवर भर दुपारी पांढरं दव गोठतं. आतली वाट आवळते, गॅस तुटक येऊ लागतो आणि टाक्यात भोकांचे पुंजके दिसू लागतात. सिलिंडरला लावायचा हीटर म्हणूनच असतो. तो बंद पडला असेल तर वायर बदलून, करंट बदलून काहीही फरक पडणार नाही.

ओल हा दुसरा धागा. पाणी आर्कमध्ये गेलं की फुटतं, आणि एक ग्रॅम पाण्यातून, म्हणजे वीसेक थेंबांतून, सव्वा लिटर हायड्रोजन निघतो. शंभर ग्रॅम लोखंडाची पिण्याची ताकद पंचवीस मिलिलिटर; हिशेब ज्याचा त्याने करावा. गंज कोरडा दिसला तरी त्याच्या घडणीत पाणी बांधलेलं असतं. तारेची शिवण जिथे नुसती मिटलेली असते तिथून दमट हवा पुडीत शिरते. पावसाळ्यात फीडरवर आठवडाभर उघडं राहिलेलं रीळ, वरून चकचकीत दिसलं तरी, आतून ओलं असू शकतं. रात्री ते काढून पिशवीत घट्ट बांधून कोरड्या पेटीत ठेवण्याला दोन मिनिटं लागतात.

आणि आता ती गोष्ट, जिच्याकडे माझ्या मते सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं: टॉर्चच्या टिपमधून बाहेर आलेली तार. टिपपासून आर्कपर्यंतची ही लांबी गॅसच्या तारेला साधारण वीस ते पंचवीस मिलिमीटर ठेवतात. साध्या मिगची सवय असलेला हात ती दहा-बारावर आणतो, कारण जवळ धरलं की आर्क काबूत वाटतो. पण या वीस मिलिमीटरांत काय चालतं ते बघा. तार मिनिटाला आठ मीटरने धावते आहे. म्हणजे तिचा प्रत्येक कण या अंतरात एका सेकंदाच्या सातव्या भागाएवढाच वेळ असतो. तेवढ्यात तिच्यातून दोनशे अँपिअर वाहतात, आणि तेही जवळजवळ सगळे बाहेरच्या पातळ पोलादी नळीतून, कारण आतली पूड वीज फारशी वाहत नाही. घरच्या वायरिंगमध्ये तांब्याच्या एका चौरस मिलिमीटरला सात-आठ अँपिअर जातात. इथे पोलादाच्या तेवढ्याच जाडीला दोनशेच्या वर. तार तापते, पुडीतली ओल आणि तार ओढताना लागलेलं वंगण आर्कला पोचण्याआधीच वाफ होऊन बाहेर पडतं. म्हणजे ही वीस मिलिमीटरची उघडी तार ही एक भट्टी आहे, सेकंदाच्या सातव्या भागात तार वाळवणारी. टॉर्च जवळ आणली की भट्टीच अर्धी होते आणि सगळी ओल थेट डबक्यात. फार लांब ठेवली तरी पंचाईत: गॅसचं छत्र तिथवर पोचत नाही.

व्होल्टेजचंही असंच. व्होल्टेज वाढवलं की आर्क लांब होतो. वितळलेल्या थेंबाला हवेतून जास्त प्रवास करावा लागतो आणि तो वाटेत नायट्रोजन पितो. बिनगॅसच्या तारेत ॲल्युमिनियमचा साठा मोजका. नायट्रोजन त्याच्यापलीकडे गेला की राहिलेला मोकळा सुटतो आणि टाका चाळणीसारखा होतो. अशा वेळी अर्धा-एक व्होल्ट कमी करून बघणं हा पहिला इलाज. त्याच्याही आधी बघायचं ते मशीनच्या आतलं टोकांचं कनेक्शन. गॅसच्या तारेला पॉझिटिव्ह टोक लागतं, बिनगॅसच्या बहुतेक तारांना निगेटिव्ह. गॅस संपला म्हणून बिनगॅसचं रीळ चढवलं आणि टोकं तशीच राहिली, तर आर्क तडतडतो, शिंतोडे उडतात, भोकं पडतात. आणि दोष तारेवर जातो.

टॉर्च ओढत न्यायची. रेषेच्या दिशेने दहा-पंधरा अंश कललेली, म्हणजे आर्क डबक्याच्या पुढच्या कडेवर राहतो आणि खपली मागे राहते. ढकलत नेली तर द्रव खपली पुढे वाहते, आर्क तिच्यावर चढतो आणि ती पोलादाखाली गाडली जाते. वेगाचाही नेम बसावा लागतो. बुडबुड्याला वर यायला जो काही क्षण लागतो तो त्याला मिळाला पाहिजे. हात पळवला की डबकं अरुंद होतं, लवकर गोठतं, आणि बाहेर निघालेला वायू वाटेतच राहतो. रुटाइलच्या तारेत याचं एक खास रूप दिसतं. खपली उडवल्यावर टाक्याच्या पाठीवर लांबट गुळगुळीत चर असतात. त्यांना वर्म ट्रॅक म्हणतात. वायू पोलादातून निसटला, पण वरची खपली आधीच गोठली होती. तिच्याखाली तो सरकत राहिला आणि मऊ पोलादावर आपला माग ठेवून गेला. तार ओली असणं आणि व्होल्टेज जास्त असणं, ही त्याची नेहमीची कारणं.

भोकं कुठे आहेत, हे म्हणूनच नीट बघावं. फक्त टाक्याच्या सुरुवातीला असतील तर आर्क लागला तेव्हा गॅस अजून पोचला नव्हता. एका बाजूला दाटी असेल तर वारा त्याच अंगाने येत होता किंवा नोझलच्या आत शिंतोड्यांनी घर केलं आहे. सगळीकडे सारखी विखुरलेली असतील तर तार, गॅस किंवा पाइपातली गळती. आणि टाक्याच्या मुळातून वर उभी, नळीसारखी लांब भोकं असतील, तर गुन्हेगार दोन पत्र्यांच्या मध्ये बसलेला आहे. ट्रॉलीच्या कामात हे सर्रास घडतं. जुन्या रंगवलेल्या चॅनेलवर नवी पट्टी ठेवली. मधल्या फटीत रंग, गंज, ग्रीस. एका बाजूचा टाका घातला तेव्हा फटीतला वायू दुसऱ्या बाजूने पळून गेला, टाका सुरेख आला. मग दुसरी बाजू वेल्ड करायला घेतली. आता पहिल्या टाक्याने मागचं दार बंद केलं आहे, आणि तापलेल्या रंगाच्या वाफेला एकच वाट उरली: वितळलेल्या डबक्यातून. तोच वेल्डर, तीच तार, तेच सेटिंग, आणि दुसरा टाका भोकांनी भरलेला. वरून कितीही ब्रश मारला तरी उपयोग नाही. जोडायच्या दोन्ही तोंडांवर ग्राइंडर आधी फिरायला हवा, टाक्याच्या बाजूलाही इंचभर. जीआय पाइपाचं जस्त तर ९०७ अंशांनाच उकळतं, पोलाद वितळायच्या कितीतरी आधी. ते घासून काढावंच, आणि त्याचा पांढरा धूर छातीत घेऊ नये. त्याने रात्री थंडी वाजून ताप येतो.

गोठणाऱ्या लोखंडातला वायू हा प्रश्न इथल्या मातीला नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तिथे नांगराचे ओतीव भाग होत. ओतकामाच्या साच्यातली माती ओली राहिली की ओतिवात भोकं पडतात, हे प्रत्येक फाउंड्रीवाल्याला ठाऊक असतं. तिथे साचा, इथे टाका, आकार एवढाच वेगळा.

मग एखादं भोक राहिलं म्हणून ट्रॉली मोडेल का? गोल बुडबुडा हा टाक्यातल्या दोषांमध्ये त्यातल्या त्यात निरुपद्रवी. त्याला टोकं नसतात, त्यामुळे ताण एका जागी एकवटून चीर फाकत नाही. वेल्डिंगच्या नियमावल्याही ठरावीक मापापर्यंत अशी भोकं चालवून घेतात. एक जागा तर अशी आहे की तिथे कुणी त्यांची पर्वाच करत नाही. साखर कारखान्यात उसाचे रोलर गुळगुळीत झाले की ऊस घसरतो. मग वेल्डर मिल चालू असताना, रोलर संथ फिरत असताना, त्याच्या दात्यांवर क्रोमियम कार्बाइडच्या कडक धातूचे थेंब टाकत जातो. याला आर्सिंग म्हणतात. वरून रस वाहतो आहे, वाफ उडते आहे, खाली बिडाचा रोलर आहे. वेल्डिंगच्या पुस्तकातला प्रत्येक नियम तिथे मोडलेला असतो. तरीही ते थेंब धरतात, कारण तिथे हवा आहे तो फक्त खडबडीतपणा.

हुकाच्या पट्ट्याला मात्र ही सूट नाही. तिथे भरल्या ट्रॉलीचा हिसका दर खड्ड्याला बसतो, आणि पृष्ठभागावर उघडलेलं भोक थकव्याच्या चिरेला सुरुवातीची जागा देतं. शिवाय ओलीमुळे पडलेलं भोक एका न दिसणाऱ्या गोष्टीची खबरही देतं. जो हायड्रोजन बुडबुडा झाला तो दिसला. जो पोलादात सुट्या अणूंच्या रूपात राहिला, तो जाड आणि उच्च ताकदीच्या पोलादात हळूहळू सरकत टाक्याच्या कडेला जमतो आणि काही तासांनी, कधी दोन दिवसांनी, तिथे चीर पाडतो. म्हणून महत्त्वाच्या जोडांची तपासणी ४८ तास थांबून करतात. दिसायला स्वच्छ टाका पुरेसा नसतो, हे १७ जानेवारी १९९४ च्या कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिज भूकंपानेही दाखवलं. अनेक पोलादी इमारतींच्या तुळई-खांबांचे जोड ठिसूळपणे तडकलेले निघाले, आणि त्यामागच्या कारणांत बिनगॅसच्या एका जातीच्या तारेचा कमी चिवटपणाही होता.

भोकावरून दुसरा टाका मारून ते झाकण्याची पद्धत फार आहे. खालचा वायू त्याने पुन्हा तापतो, फुगतो आणि नव्या टाक्यातून वर येतो. भोक एक मजला चढतं एवढंच. ग्राइंडरने तळ लागेपर्यंत कोरून काढावं. तळ लागला की नाही याची शंका असेल तर डाय पेनिट्रंटचे डबे बाजारात मिळतात: लाल रंग फवारायचा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, पुसून घ्यायचा आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. डोळ्याला न दिसणारं भोक असेल तिथे पांढऱ्यावर लाल ठिपका उमटतो. उमटला तर ग्राइंडर पुन्हा खाली.